नाव गावाला, दुकान व्रिसाकीत

बार्बा झिसिस यांचं कॉफीचं दुकान व्रिसाकी चौकात, पेन्शन ऑफिसच्या बरोबर समोर होतं. ‘होतं’ लिहिताना जरा अडखळायला होतं, कारण दुकान अजून तिथेच आहे. समोरचं ऑफिस तेवढं गेलं. आम्ही त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतो. सकाळी बार्बा कॉफी उकळायला लागले की वास आधी आमच्या गॅलरीत येतो आणि मग चौकात उतरतो, असं माझे यजमान अल्कीस म्हणतात. ते त्याच ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर कारकून होते. अजून आहेत, पण ते पुढे येईल.

बार्बा म्हणजे आमच्या ग्रीक भाषेत काका. झिसिसना सगळा चौक बार्बा म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, मिशा तंबाखूने पिवळ्या झालेल्या. हातात नेहमी ते टांगतं तबक: तीन दांड्या वर एका कडीत अडकवलेल्या, खाली कॉफीचे कप आणि पाण्याचे पेले. ते तबक झुलवत बार्बा गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडायचे, ऑफिसचे जिने चढायचे आणि थेंबही सांडायचा नाही. साहेबांची बिनसाखरेची, रोखपालबाईंची गोड, अल्कीसची मध्यम.

आम्हां बायकांना त्यांच्या दुकानाची दुसरी बाजू जास्त माहीत. पहाटेच्या बसने डोंगरातली म्हातारी माणसं पेन्शनच्या कामाला यायची. अंगात लग्नातला कोट, छातीशी धरलेली पिशवी. ऑफिस उघडेपर्यंत ती बार्बांकडे बसत. घाबरलेली असत.

“आधी कॉफी घ्या,” बार्बा म्हणायचे. “खिडकी उघडली म्हणून लगेच धावू नका. आतला माणूस सकाळी सकाळी बायकोशी भांडून आलेला असतो. त्याला जरा निवू द्या.”

“तुम्ही ओळखता त्याला?”

“त्याला नाही. त्याच्या बायकोला ओळखतो.”

म्हातारे हसायचे आणि मग खिडकीवर जायचे.

चौक असाच चालायचा. ऑफिसच्या जिवावर अर्जाला लावायच्या तिकिटांचं दुकान, झेरॉक्सवाला, फोटोवाला, दोन वकील, चीज घातलेल्या तिरोपिता विकणारी भट्टीवाली, आणि गावाकडच्या माणसांना एक रात्र टेकायला एक साधंसं हॉटेल. भट्टीवाली सोडली तर ही सगळी माणसंही मूळची डोंगरातलीच. एकाने दुसऱ्याला आणलं, दुसऱ्याने मेव्हण्याला. बार्बा स्वतः कारिदिया गावचे. तरुणपणी एका गाववाल्याच्या हाताखाली इथे आले, आणि तो थकला तेव्हा दुकान यांच्याकडे आलं. बायको पोलिक्सेनी याच चौकात आजारी पडली, पण तिला मूठमाती दिली ती कारिदियाला. एकच मुलगी, इव्हान्थिया. ती हॉटेलचं काम शिकली आणि जर्मनीत श्टुटगार्टला एका मोठ्या स्वयंपाकघरात लागली.

आमच्याकडे एक गंमत आहे. माणूस राहतो एकीकडे आणि त्याचं मत असतं दुसरीकडे. बापाच्या गावच्या पटावर नाव असतं, ते माणूस शहरात म्हातारा झाला तरी तिथेच राहतं. बदलून घेता येतं, कुणी अडवत नाही. पण बदलत नाही कुणी. गावाच्या पटावरून नाव काढणं म्हणजे गावाशी नातं तोडणं, असं मनात बसलेलं. गावच्या आणि शहराच्या निवडणुका एकाच रविवारी असतात, म्हणून त्या आल्या की व्रिसाकी चौक ईस्टरला होतो तसा रिकामा होई. सगळे आपापल्या डोंगरात, चुलतभावाला निवडून आणायला. मी इथेच जन्मले, माझे वडील बंदरात कामाला होते, म्हणून माझं मत चौकामागच्या शाळेत. त्या रविवारी मी शाळेत जायची तर केंद्रावरच्या मुली लोकरीचं विणकाम करत बसलेल्या.

“तुमच्या चौकात कुणी मेलंय का हो, कुणीच कसं येत नाही?” एकदा एकीने विचारलं.

“सगळे जिवंत आहेत,” मी म्हटलं, “पण मत द्यायला गावाला गेलेत.”

तिलाही हसू आलं, कारण तिचंही नाव तिच्या वडिलांच्या बेटावर होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात बातमी आली की सरकार पेन्शन ऑफिस, जमिनीचं ऑफिस आणि कराचं ऑफिस एकाच छताखाली नेणार, शहराबाहेरच्या वळणरस्त्याला. जागा नगरपालिकेची होती. नगरपालिकेने ती दिली नाही तर जुनीच इमारत दुरुस्त करायची, असंही त्याच कागदात होतं. म्हणजे सगळं महापौर कोण होतो यावर आलं. एक उमेदवार जागा द्यायला उतावीळ होता. त्याचे सोबती वळणरस्त्याला आधीच जमिनी घेऊन बसले होते असं लोक बोलत. दुसऱ्या होत्या मेल्पोमेनी बाई, आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी जाहीर सांगितलं, “ऑफिस हललं तर चौक मरेल. मी जागा देणार नाही.”

त्याच उन्हाळ्यात इव्हान्थिया सुट्टीला आली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत चूल लावून बसली. दुपारी मसूर, पालकाचा भात, कधी भरलेली वांगी. ऑफिसचे लोक रांग लावायला लागले. अल्कीसनी माझा डबा न्यायचं बंद केलं, आणि वर मलाच सांगायचे, “तुझा पालक बरा असतो, पण तिच्या पालकात लिंबू असतं.”

एका संध्याकाळी इव्हान्थिया माझ्याकडे आली, चपला काढून पाय वर घेऊन बसली. लहानपणापासून अशीच बसायची.

“ताई, मला नाही जायचं परत,” ती म्हणाली. “तिकडे मी शंभर माणसांचे बटाटे सोलते आणि एकाचाही चेहरा दिसत नाही. इथे बाबाचं दुकान आहे, दुपारचं जेवण चालतंय. पण हे सगळं समोरच्या इमारतीवर. ऑफिस राहिलं तर मी राहते. गेलं तर काय, दोन माणसांचं पोट या कॉफीवर भरत नाही. तिकडे नवीन वर्षापर्यंत माझी जागा धरून ठेवलीय.”

“बाबांना सांगितलंस?”

“सांगितलं. त्याने दिवसभर शिट्टी वाजवली.”

खरंच, त्या दिवसांत बार्बा शिट्टी वाजवत जिने चढायचे. लेक परत आली होती. त्यांना दुसरं काही नको होतं.

सप्टेंबरात मेल्पोमेनी बाईंनी बार्बांच्या दुकानात सभा घेतली. जागा पुरेना, माणसं दारापर्यंत उभी. झेरॉक्सवाल्याने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

“हात वर करा,” बाई म्हणाल्या. “मला मत कोण देणार?”

सगळे हात वर. कोपऱ्यात पेंगणारे वकीलसाहेबही जागे झाले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

“छान. आता ज्यांचं मत मागच्या शाळेत आहे, त्यांनीच हात वर ठेवा.”

दुकानात हशा पिकला. मग हळूहळू हात खाली यायला लागले. शेवटी माझा आणि भट्टीवालीचा, एवढेच राहिले.

बाई हसल्या नाहीत. “मग मला काय देताय तुम्ही, टाळ्या? टाळ्या पेटीत टाकता येत नाहीत.”

“बाई, मनाने आम्ही तुमच्याबरोबर आहोत!” फोटोवाला म्हणाला.

“मन ठेव तुझ्याकडे, मला नाव दे. अजून वेळ आहे. नगरपालिकेत जा आणि नाव इकडे आणा. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“अर्ध्या तासाचं नाही हो बाई,” अल्कीस म्हणाले, “आमच्या ऑफिसातलं अर्ध्या तासाचं काम असेल तर दिवस जातो.”

पुन्हा हशा. सभा हसण्यावारी संपली. बार्बांनी सगळ्यांना आपल्या खर्चाने कॉफी दिली आणि प्रत्येकाला वाटलं, चौकासाठी काहीतरी केलं.

दुसऱ्या सकाळी इव्हान्थिया ओळखपत्र घेऊन निघाली. मी खाली पाव घ्यायला आले होते, दारातच उभी राहिले.

“कुठे?” बार्बांनी विचारलं.

“नगरपालिकेत. नाव इकडे आणते. तूही चल, बाबा.”

बार्बांनी कपड्याने एक पेला पुसला, मग तोच पुन्हा पुसला. “यंदा नको.”

“यंदा नको तर कधी?”

“यंदा कोझ्मास उभा आहे.”

कोझ्मास म्हणजे बार्बांचा कुंबारोस. बार्बांच्या लग्नात त्याने दोघांच्या डोक्यावरचे मुकुट फिरवले होते, आणि इव्हान्थियाच्या बाप्तिस्म्याला तिला तेल लावून हातात धरलं होतं. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वर. तो त्या वर्षी कारिदियाचा गावप्रमुख व्हायला उभा होता, खालच्या आळीच्या माणसाविरुद्ध.

“कोझ्मास गावातला रस्ता करेल,” इव्हान्थिया म्हणाली. “त्या रस्त्याने तू वर्षातून दोनदा जातोस. या रस्त्याने दिवसातून वीस वेळा जातोस.”

“त्याने फोन केला होता. म्हणाला, तुमची दोन मतं धरूनच चाललोय.”

“आणि बाई? त्या काय धरून चालल्यात?”

“हे बघ, बाईंना मत द्यायला सगळं शहर आहे. कोझ्मासला आपण आहोत.” मग थांबून, आवाज उतरवून म्हणाले, “तुझी आई आहे तिकडे. तिच्या गावातून मी नाव काढलं, तर उद्या तिच्या थडग्याशी कुठल्या तोंडाने उभा राहू?”

इव्हान्थियाने ओळखपत्र परत पिशवीत टाकलं. माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि आत मसूर निवडायला बसली.

बाकीच्या उमेदवारांनी मतं फोडली आणि पहिल्या फेरीत ना शहरात ना गावात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत. दुसऱ्या फेरीच्या रविवारी बार्बांनी एक बस ठरवली, कारण कारिदियाच्या वाटेवर चौकातल्या पुष्कळांची गावं होती. अल्कीसचंही गाव त्याच खोऱ्यात. सगळे बसमध्ये चढले: झेरॉक्सवाला, फोटोवाला, वकील, तिकिटवाला, त्यांच्या बायका, वाटेत खायला उकडलेली अंडी. मेल्पोमेनी बाई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. बस त्यांच्या समोरून गेली. आतून सगळ्यांनी हात हलवले.

बाईंनीही हलवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघ. माझी सभा चालली गावाला.”

गावात काय झालं ते अल्कीसनी सांगितलं. अक्रोड झोडपायचे दिवस होते, त्यांच्या सालींनी सगळ्यांची बोटं काळी. मतं टाकून झाल्यावर अंगणात कोकरू भाजलं, क्लॅरिनेटवाला आला, त्सिपुरो दारूचे पेले फिरले. कोझ्मास आधीपासूनच निवांत होता. खालच्या आळीच्या माणसाचं त्याच्या स्वतःच्या भावाशीच वाजलं होतं, त्यामुळे अर्धी खालची आळी कोझ्मासकडे आली होती. तो दणदणीत मतांनी आला. सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. बार्बा नाचले. इव्हान्थियाही नाचली.

“इतकं होतं तर मला कशाला बोलावलंस?” बार्बांनी त्याला हसत विचारलं.

“तू नसतास तर मजा आली असती का, कुंबारे?” कोझ्मास म्हणाला.

रात्री सगळे गावातच राहिले. सोमवारी सकाळी परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने रेडिओ लावला. आमच्या शहराचा निकाल सांगितला. मेल्पोमेनी बाई पडल्या होत्या. जेवढी माणसं त्या बसमध्ये बसली होती, त्याहून कमी मतांनी पडल्या होत्या.

 वकिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. इव्हान्थिया खिडकीतून बाहेर बघत होती. बार्बा उठले, डुलत्या बसमध्ये पुढे गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “बंद कर रे ते.” मग तिथेच दांडा धरून शहर येईपर्यंत उभे राहिले. जागा रिकामी असून बसले नाहीत.

पुढचं सांगण्यात काही नवल नाही. नव्या महापौराने जागा दिली. इमारत उभी राहायला वेळ लागणार म्हणून सरकारने तिथेच शेजारी एक रिकामं गोदाम भाड्याने घेतलं आणि ऑफिस नाताळाच्या आधीच हललं. ट्रक भरत होते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची सगळी मंडळी खाली आली, बार्बांच्या हातची कॉफी प्यायली.

“दर शुक्रवारी येऊ, बार्बा,” रोखपालबाई म्हणाल्या. “तिकडच्या मशीनची कॉफी कोण पिणार?”

दोन-तीन शुक्रवार आल्या. मग वळणरस्त्याहून येणारी बस वेळेवर नसते, मुलांची शाळा, पाऊस. अल्कीस मशीनची कॉफी पितात. मला सांगत नाहीत, पण शर्टाला वास येतो.

आधी तिकिटांचं दुकान मिटलं, मग झेरॉक्स. वकील वळणरस्त्याला गेले. हॉटेल कुणीतरी विकत घेतलं आणि त्याच्या खोल्या पर्यटकांना द्यायला लागले. आता दिवसभर फरशीवर चाकांच्या पेट्यांचा खडखडाट असतो. निवडणूक आली की पूर्वी सगळे पक्ष बार्बांच्या दुकानात खुर्च्यांसाठी भांडायचे. आता त्यांच्या सभा तिकडे होतात, जिथे माणसं आहेत. तिकडे नवा चौक झाला, झाडं लावली, बसचा थांबा झाला. आमच्या चौकातलं कारंजं बंद पडलं तेव्हा मी नगरपालिकेत गेले, तर तिथला तरुण म्हणाला, “व्रिसाकी? ते जुन्या पेन्शन ऑफिसजवळचं ना?” आता आमची ओळख अशी सांगतात.

डोंगरातली म्हातारी माणसं मात्र बरेच दिवस चुकून इथेच यायची. बार्बा त्यांना कॉफी द्यायचे आणि कुठली बस घ्यायची ते सांगायचे. पैसे घ्यायचे नाहीत. “माझ्यामुळेच हेलपाटा पडला यांना,” असं एकदा मला म्हणाले.

इव्हान्थियाने वसंतापर्यंत वाट बघितली. श्टुटगार्टच्या लोकांनी तिच्यासाठी जागा आणखी थोडी धरून ठेवली होती. ती मसूर कमी कमी शिजवत गेली, तरी दुपारी उरायचा. उरलेला माझ्याकडे वर पाठवायची. एप्रिलमध्ये तिने पेटी भरली. मी तिला वाटेसाठी बिस्किटं द्यायला खाली गेले, तेव्हा दोघं रिकाम्या टेबलाशी समोरासमोर बसलेली.

“तू निघाली होतीस नगरपालिकेत,” बार्बा म्हणत होते. “मी अडवलं.”

“मी लहान होते का बाबा? बसमध्ये मीही चढलेच ना.”

“मी चढवलं.”

“आणि नाचलेसुद्धा,” ती म्हणाली आणि हसायला गेली. पण हसता आलं नाही. मग ती उठली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून जरा उभी राहिली. बार्बा हलले नाहीत.

ती गेल्यावर त्याच आठवड्यात बार्बा नगरपालिकेत गेले आणि आपलं नाव कारिदियाच्या पटावरून काढून व्रिसाकीत आणलं. खरंच अर्ध्या तासात झालं. कोझ्मासला कळलं तेव्हा त्याचा फोन आला. तो इतका मोठ्याने बोलत होता की मला जिन्यात ऐकू येत होतं.

“बापाचं गाव सोडलंस? कुणासाठी? त्या रिकाम्या चौकासाठी?”

“होय,” बार्बा म्हणाले.

“तिथे आता आहे काय?”

“मी आहे, कोझ्मास. मी राहतो इथे.” त्यांनी फोन ठेवला. पोलिक्सेनीच्या वर्षश्राद्धाला ते कारिदियाला गेले. कोझ्मास चर्चमध्ये आला, पण जेवायला थांबला नाही.

यंदाच्या निवडणुकीला बार्बा सकाळीच शाळेत आले. नवा कोरा शर्ट, दाढी घोटलेली. आयुष्यात पहिल्यांदा ते शहराच्या पेटीशी उभे होते. रांगेत आमच्यापुढे एक डच जोडपं होतं. वरच्या गल्लीत घर घेऊन त्यांना दोन वर्षंही झाली नसतील. युरोपातल्या कुणालाही राहत्या शहराच्या निवडणुकीत मत देता येतं, तसं त्यांनी नाव कधीच नोंदवून टाकलं होतं. त्यातल्या बाईने बार्बांना विचारलं, “कारंज्याबद्दल कुठला उमेदवार बोललाय, तुम्हाला माहीत आहे का?” बार्बांना माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. मेल्पोमेनी बाई यंदा उभ्या नव्हत्या. त्या आता मुलाकडे अथेन्सला असतात.

बाहेर आल्यावर बार्बा मला म्हणाले, “आज इव्हान्थियाशी बोलायचंय. मी कारकुनाला विचारून ठेवलंय. तिची सही लागते. उन्हाळ्यात आली की तिचंही नाव इकडे आणू. पर्यटक येतात, जेवायला काहीतरी शोधत फिरतात. मागची चूल मी पुसून ठेवलीय.” बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी मी दुकानात होते तेव्हा तिचा फोन आला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून बार्बांनी समोर खुर्ची घेतली. पडद्यावर इव्हान्थिया, केस कापलेले, मागे झाडांची हिरवी खिडकी.

“मत दिलं बाबा?”

“दिलं. या तुझ्या ताईच्या मागे उभा होतो.”

“शाब्बास! अरे, मीसुद्धा दिलं. मागच्या महिन्यात, इथे. इथे घराचा पत्ता नोंदवला की आपोआप नाव लागतं, आपल्यासारखं धावायला लागत नाही. आमच्या भागातलं वाचनालय दुसरीकडे हलवणार होते. मी सभेला गेले. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये उभी राहून बोलले, बाबा! तुझी बस सांगितली त्यांना. सगळे हसले. पण मग सगळे मत द्यायला आले. वाचनालय राहिलं.”

“राहिलं?” बार्बा म्हणाले.

“राहिलं.”

बार्बांनी डब्याला टेकवलेला फोन उगाच सरळ केला.  तिच्याकडच्या झाडात पाखरं ओरडत होती, ती ऐकू येत होती.

“छान केलंस,” ते म्हणाले. “जिथे राहतो तिथे द्यावं.”

“तू काहीतरी सांगणार होतास ना? सकाळी मेसेज केला होतास, बोलायचंय म्हणून.”

मी बार्बांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

“काही नाही गं,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात येशील तेव्हा किती दिवस राहणार, तेवढंच विचारायचं होतं.”